कॉन्टेमध्ये उजेड काढताना या चुका टाळा

कॉन्टेची, म्हणजे चित्रकलेच्या घट्ट काळ्या खडूची, कांडी हातात आली की पहिल्या दहा मिनिटांत काळाकुट्ट काळा लावून मोकळं व्हायचं आणि उरलेला सगळा वेळ त्या काळ्याशी झगडत बसायचं. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराची कृष्णधवल चित्रं पाहून या माध्यमाकडे वळणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि वाईट वाटतं, कारण त्यातल्या निम्म्या चुका कांडी कागदाला लागण्याआधीच टाळता येण्यासारख्या असतात.

सरा आपल्याला माहीत असतो तो रंगांच्या ठिपक्यांमुळे. पण ठिपक्यांच्या आधी त्याने काळ्या-पांढऱ्याचा अभ्यास केला. ब्रेस्टमधली सक्तीची लष्करी सेवा संपवून 1880 मध्ये तो पॅरिसला परतला आणि पुढची दोनेक वर्षं त्याने मुख्यतः काळ्या कॉन्टेत काम करण्यात घालवली. 1883 च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनात, त्याचं जे चित्र लागलं तेही कॉन्टेचंच होतं: त्याचा चित्रकार मित्र अमाँ-झाँ याचं व्यक्तिचित्र. साधारण 62 बाय 47 सेंमीचा पूर्ण ताव. एरवी तो अशा तावाचे चार भाग करायचा, म्हणून त्याची बरीच चित्रं 31 बाय 24 सेंमीच्या आसपास आहेत. त्यातलं भरतकाम करणाऱ्या आईचं छोटं चित्र नीट न्याहाळा. चेहऱ्याला बाह्यरेषा नाही, बोटं एकेक करून काढलेली नाहीत. तरी खाली झुकलेली मान, हातावर पडलेला उजेड आणि खोलीतला शांतपणा सगळं आहे.

हे कसं साधलं याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: उजेड कागदाचा आहे, आपल्या हातात फक्त काळा आहे. खालची प्रत्येक चूक या ना त्या मार्गाने कागदाचा उजेड मारते.

गुळगुळीत कागद

सरा वापरायचा तो मिशाले नावाचा कागद. तो ‘लेड’ (laid) प्रकारचा कागद आहे. लगदा ज्या साच्यावर पसरतात त्याच्या तारांचे ठसे कागदात राहतात आणि पृष्ठभागावर बारीक समांतर उंचवटे तयार होतात. कांडी हलक्या हाताने फिरवली की काळा फक्त उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. लांबून ते डोळ्यांत मिसळतं आणि करडं दिसतं, पण त्या करड्याच्या आतून कागद झिरपत असतो. त्या छटेत जीव असतो तो यामुळे.

साध्या कार्ट्रिज कागदावर हे होणार नाही. तिथे कांडी घसरते आणि एकसंध, मुकी छटा मिळते. दुसऱ्या टोकाला, जलरंगाचा रफ कागद लहान चित्राला फार खडबडीत पडतो, चेहऱ्यावर देवीचे वण आल्यासारखं दिसतं. हातकागद दिसायला मोहक असतो, पण त्यावरची खळ सगळीकडे सारखी असेलच असं नाही, आणि मग एका जागी काळा पकडतो, शेजारी सुटतो. घ्यायचा असेल तर ‘इंग्रे’ नावाने मिळणारा 90 ते 100 जीएसएमचा पांढरा किंवा किंचित पिवळसर कागद घ्या. उजेडासमोर धरल्यावर समांतर रेघा दिसल्या तर समजा बरोबर आहे. कॅन्सनचा मी-तँत घेतलात तर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली बाजू टाळून मागची बारीक दाण्याची बाजू वापरा. पोळ्याची नक्षी चित्राच्या पुढे पुढे करते.

आणि कागदाखाली तसल्याच कागदाचे तीन-चार ताव घाला. हा कागद पातळ असतो. थेट बोर्डवर लावलात तर प्लायवूडच्या शिरा, जुन्या पिनांची भोकं, कटरच्या चिरा सगळं तुमच्या छटेत उमटतं, आणि एकदा उमटलं की जात नाही.

बोटाने घासणं

ही चूक सगळ्यांत जास्त चित्रं खाते. शाळेत पेन्सिलचं शेडिंग कापसाने गुळगुळीत करायची सवय लागलेली असते, आणि गुळगुळीत म्हणजे चांगलं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दाणेदार करडं दिसलं की बोट आपोआप पुढे जातं.

घासल्यावर काय होतं ते समजून घ्या. कॉन्टेची कांडी म्हणजे चिकणमाती, काळं रंगद्रव्य आणि बांधणारं द्रव्य यांचा मळून केलेला गोळा. ती कोळशापेक्षा घट्ट असते. विलो चारकोल (विलो झाडाच्या काडीचा कोळसा) फडक्याने झटकला की बराचसा उडून जातो, कॉन्टे जात नाही. बोट फिरवलं की उंचवट्यावरचा काळा खळग्यात ढकलला जातो आणि बोटाच्या तेलकटपणामुळे तिथेच चिकटतो. म्हणजे ज्या पांढऱ्यामुळे छटेला उजेड होता तोच बुजतो. शिवाय छटा एकदम एक-दोन पायऱ्या गडद होते, आणि शेजारची छटा तिच्यापुढे कच्ची दिसायला लागते.

एका शिबिरात एक मुलगा खिडकीशी तांदूळ निवडत बसलेल्या आजीचं चित्र करत होता. डावीकडून खिडकीचा उजेड, गालाचं हाड उजळ, त्याखालची मध्यछटा दाणेदार, मांडीवरच्या सुपाची कड जवळजवळ कोरा कागद. पाऊण तासात चित्र उभं राहिलं होतं, थांबला असता तरी चाललं असतं. पण जबड्याखालची मध्यछटा त्याला खरबरीत वाटली म्हणून त्याने अनामिकेने एकदाच, अगदी हलकेच, तिथे फिरवलं. जबडा पाटीसारखा झाला. आता गालाचा दाणा विसंगत दिसायला लागला, म्हणून गाल. मग गळा. मग पदर, मग मागची भिंत. अर्ध्या तासात ताव एका करड्या रंगाचा झाला आणि खिडकी बंद केल्यासारखा उजेड गेला. तो परत आणायला त्याने गालावर पांढरा खडू घासला. काळ्यावर पांढरा चढला की थंड, निळसर करडं होतं, तसंच झालं: गालावर राख फासल्यासारखी. मग रबर. रबराने कागदाचे उंचवटेच दबले, आणि त्यानंतर त्या जागी कांडी पकडेना, नुसती घसरायला लागली. त्या कागदावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सूप आणि हात तेवढे अजून स्वच्छ होते, म्हणून तेवढा तुकडा कापून ठेवायला सांगितला. आजही त्याच्या त्या चित्रातला खरा उजेड पाहायचा असेल तर त्या तुकड्यातच दिसतो.

घासण्याऐवजी थर द्या. कांडीचा दोनेक सेंमीचा तुकडा मोडा, आडवा धरा आणि तिच्या स्वतःच्या वजनाने फिरू द्या, हाताचा दाब शून्य. पहिला थर इतका फिका हवा की तो लागलाय की नाही अशी शंका यावी. दुसरा थर तिरका, तिसरा उलट्या दिशेने. मध्यछटेला तीन-चार थर, गडद सावलीला पाच-सहा. दिशा बदलत गेलात की दाणा आपोआप बारीक होतो आणि खरबरीतपणा जातो, घासावं लागत नाही. आणि छटा बरोबर आहे की नाही ते नाकासमोरून ठरवू नका. दर दहा मिनिटांनी दोन मीटर मागे जा. जवळून जे खडबडीत दिसतं तेच तिथून हवेसारखं दिसतं.

माझी एक सवय आहे, ती सगळ्यांना सांगतो: डाव्या हातात सतत पुटी रबराचा (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराचा) गोळा धरायचा. एक तर बोटं गुंतलेली राहतात. दुसरं, चुकून कुठे गडद झालंच तर लगेच गोळा त्या जागी दाबून सरळ वर उचलता येतो. दाबायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. दोन-तीनदा असं केलं की अर्धी पायरी उजळते. त्याहून जास्तीची अपेक्षा कॉन्टेकडून करू नका. आधीच घासून बसला असाल आणि दाणा दबला असेल तर ती जागा सावलीत ढकला, कांडीच्या धारेने आखूड आडव्या-उभ्या रेघा देऊन गडद करा. उजेड मात्र दुसरीकडे, कोऱ्या कागदावर शोधावा लागेल.

कागदी स्टम्प, म्हणजे छटा घासायची गुंडाळलेल्या कागदाची कांडी, हा बोटाचाच सुधारलेला भाऊ. कोळशाच्या कामात त्याची जागा आहे, इथे नाही.

आधी बाह्यरेषा, मग आत ‘भरणं’

नाक, डोळे, ओठ रेषेने पक्के करून मग शेडिंग भरायला घेतलं की उजेडाच्या बाजूची रेषा शेवटपर्यंत तारेसारखी दिसत राहते. कॉन्टेची रेषा पुसली जात नाही, तेव्हा ती झाकायला तुम्ही आजूबाजूला काळा वाढवता आणि उजेड आकसतो.

मांडणी विलो चारकोलने करा, अगदी हलकी, आणि फडक्याने झटकून टाका. जे पुसट ठसे उरतील तेवढे पुरे. पेन्सिलीने मांडणी करू नका. ग्राफाइट चमकतं आणि निसरडं असतं, त्यावर कॉन्टे नीट चढत नाही, आणि चित्र तिरकं धरलं की प्रत्येक पेन्सिल रेष करड्यातून चकाकते.

मग आकार रेषेने न पाडता सावलीच्या तुकड्यांनी पाडा. डोळे किलकिले करून पाहिलं की डोळ्याची खोबण, नाकाखालची सावली आणि मान हे तीन वेगळे अवयव राहत नाहीत, एकच जोडलेली सावली दिसते. तो एक आकार आधी लावा. पापणी नंतर येते, आणि कित्येकदा आलीच नाही तरी बिघडत नाही.

पार्श्वभूमी शेवटी करणं

दुसरी मोठी चूक, आणि ती चूकही वाटत नाही म्हणून जास्त घातक. चेहरा पूर्ण होतो, छान होतो, आणि मग ‘मागे थोडं काहीतरी’ म्हणून काळा मारला जातो. त्या क्षणी चेहऱ्यातली प्रत्येक छटा बदलते, कारण छटा कधी एकटी दिसत नाही. गडद शेजार मिळाला की ती उजळ दिसते, उजळ शेजार मिळाला की गडद. कोऱ्या पांढऱ्यावर बेतलेला चेहरा काळ्यासमोर भुतासारखा फिका पडतो. मग चेहरा गडद करायचा, मग मागचा काळा कमी वाटतो, मग तो वाढवायचा. अशी चढाओढ कागदाचा दाणा संपेपर्यंत चालते.

सराच्या उजेडाचं सगळ्यांत मोठं गुपित इथेच आहे. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोब्लँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. शेजारशेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात यावरचं त्याचं पुस्तक 1839 मध्ये आलं, आणि सराने ते अभ्यासलं होतं. काळ्या-पांढऱ्यात त्याने तोच नियम हाताळला. आकृतीची कड जिथे उजेडात आहे तिथे तिला लागून असलेली पार्श्वभूमी तो थोडी गडद करतो. कड जिथे सावलीत आहे तिथे पार्श्वभूमी थोडी उजळ ठेवतो. प्रत्यक्षात भिंत एकाच रंगाची असते, पण असं केल्यावर उजेडाची कड पेटते, सावलीची कड पुढे येते, आणि एकही रेष न ओढता आकृती भिंतीपासून सुटते.

हे करायचं तर पार्श्वभूमी पहिल्या थरापासून चेहऱ्याच्या बरोबरीनेच चालली पाहिजे. मी क्रम असा ठेवतो: आधी संपूर्ण तावभर, उजेडाच्या दोन-तीन जागा सोडून, एक अतिशय फिका थर. मग सावलीचा मोठा आकार. मग लगेच उजेडाच्या कडेबाहेरची पार्श्वभूमी. त्यानंतर परत आकृतीत. एका जागी सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही.

आता या युक्तीची वाट कशी लागते तेही सांगितलं पाहिजे, कारण एकदा कळली की लोक ती सगळीकडे लावतात. आकृतीभोवती सारख्या रुंदीचा पट्टा फिरतो आणि माणूस देवाच्या कॅलेंडरसारखा प्रभावळीत बसतो. गडदपणा कडेला सर्वांत जास्त असावा आणि बाहेर जाताना विरत जावा. 31 बाय 24 च्या चित्रात साधारण दोन-तीन सेंमीत तो आजूबाजूच्या छटेत मिसळून गेला पाहिजे, कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येता कामा नये. आणि हे सगळ्या कडांना करायचं नाही. जिथे सावलीतले केस काळ्या भिंतीला भिडतात तिथे कड हरवू द्या. सराच्या काळ्या बो असलेल्या पाठमोऱ्या बाईच्या चित्रात, 1882 च्या सुमाराचं, ते आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, तपशील जवळजवळ नाहीच. पोशाखाची एक काळी आकृती आणि तिच्याभोवतीची हवा. तेवढ्यावर बाई उभी राहते.

तपासायची रीत सोपी आहे. पांढऱ्या कागदाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि ते आधी उजळ गालावर, मग त्याच्या शेजारच्या भिंतीवर ठेवा. एकटी पाहिलेली छटा तुम्ही समजत होता त्यापेक्षा किती वेगळी आहे ते लगेच कळेल.

बाकीच्या, थोडक्यात

दोन दिवे. वर ट्यूबलाइट, शेजारी खिडकी, म्हणजे नाकाला दोन सावल्या. ट्यूब बंद करा. एकच दिवा, मॉडेलपासून मीटर-दीड मीटरवर, डोक्याच्या थोडा वर आणि 45 अंशांत.

परावर्तित उजेड फार उजळ करणं. सावलीच्या आतली जी फिकट कड दिसते ती सावलीचाच भाग आहे. उजेडाच्या बाजूच्या सर्वांत गडद मध्यछटेपेक्षाही ती गडद हवी. ती उजळली की गोल डोकं पत्र्याचं दिसतं.

वस्तूचा रंग आणि उजेड यांत गल्लत. सदरा पांढरा आहे म्हणून सावलीतही पांढरा ठेवला जातो. सावलीतला पांढरा सदरा उजेडातल्या करड्या भिंतीपेक्षा गडद असू शकतो. सावळ्या चेहऱ्याच्या बाबतीत उलटं होतं: त्वचा गडद म्हणून अख्खा चेहरा काळवंडून टाकतात आणि कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड गमावतात.

पडछायेला सगळीकडे सारखी कड. वस्तूला चिकटलेल्या जागी ती धारदार असते, लांब जाईल तशी मऊ होते, कारण दिवा म्हणजे एक बिंदू नसतो, त्याला रुंदी असते. मऊ भाग आडव्या कांडीने, धारदार भाग कोपऱ्याने.

मोबाइलच्या फोटोवरून काम. फोन सावल्या उघडतो आणि उजेड दाबतो, म्हणजे छायाप्रकाशाचा जो भाग शिकायचा तोच सपाट करून देतो. शिकायच्या काळात समोर वस्तू ठेवा, भले एक वांगं आणि पितळी तांब्या असो.

काळा चमकतोय. सुरुवातीलाच जोर लावलात. दाणा चेपला गेला आणि कांडी त्यावर पॉलिश झाली, आता त्यावर काहीच चढणार नाही. जोर फक्त शेवटी आणि फक्त एक-दोन जागी. मऊ काळा हवा असेल तर एचबी सोडून 2बी कांडी घ्या, मनगट नका वापरू.

कांडी ओरखडे काढतेय. आत कडक कण आलाय. बारीक पॉलिशपेपरवर ती बाजू घासून काढा.

पावसाळ्यात काळा गठ्ठ्यांनी बसतोय. मुंबई-कोकणात जुलैमध्ये कागद दमट होतो आणि त्याचा दाणा मऊ पडतो. ताव सपाट, बंद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि कामाआधी तासभर पंख्याखाली मोकळा करा. तळहाताखाली कायम एक कोरा कागद असू द्या, घामाचा ठसा काळा लावल्यावरच दिसतो.

पांढरी कांडी लवकर काढणं. सराने नंतरच्या काळात कॅफे-काँसेरच्या (गाण्यांचे कार्यक्रम होणाऱ्या कॅफेंच्या) चित्रांत रंगमंचाच्या दिव्यांसाठी पांढरा वापरला आहे, हे बरोबर. पण त्याआधी अनेक वर्षं त्याने उजेड कोऱ्या कागदातून काढला होता. निदान पहिली पन्नासेक चित्रं पांढऱ्याला हात लावू नका, आणि पुढे लावलात तरी काळ्यावर नाही, कोऱ्या कागदावर.

शेवटच्या पाच मिनिटांत चित्र घालवणं

फिक्सेटिव्ह (काळा सुटू नये म्हणून चित्रावर मारायचा फवारा) जवळून, एकाच जाड फवाऱ्यात मारलं की द्रव खळग्यांत उतरतो, सुटी काळी भुकटी सोबत नेतो आणि मध्यछटा एक पायरी गडद होतात. सगळ्यांत नाजूक, फिक्या थराच्या जागा आधी जातात. आधी बोर्ड उभा करून मागून दोन टिचक्या मारा, सुटी भुकटी खाली पडेल. फुंकर मारू नका, थुंकीचा एक थेंब पुरतो. मग चित्र उभं ठेवून 30 ते 40 सेंमीवरून, फवारा चित्राच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत, दोन पातळ हात द्या, मध्ये दहा मिनिटं सुकू द्या. खिडकी उघडी ठेवा. त्याच कागदाच्या काळं लावलेल्या तुकड्यावर आधी करून बघा.

चित्र लगेच काचेआड जाणार असेल तर मी फिक्सेटिव्ह मारतच नाही. कॉन्टे कोळशापेक्षा घट्ट धरतो. चित्र आणि काच यांच्यामध्ये तीन-चार मिलिमीटरचा माउंट मात्र हवाच, काच चिकटली की काळा तिच्यावर उतरतो. फ्रेम व्हायची बाकी असेल तोवर वर ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद ठेवा, नसेल मिळत तर बटर पेपर, आणि तो वरच्या कडेला टेपने पक्का करा, म्हणजे फोल्डर उचलताना सरकणार नाही.